रविवारी गडावर जाताय? चाळिशीनंतरच्या एका दिवसाच्या ट्रेकबद्दल

"डॉक्टर, ऑफिसचा ग्रुप रविवारी सिंहगडावर चाललाय. मला बीपीची गोळी चालू आहे. जाऊ ना?"

पहिला पाऊस पडला की पुण्यातल्या कुठल्याही जनरल प्रॅक्टिशनरला हा प्रश्न आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकावा लागतो. बहुतेकांना माझं उत्तर "जरूर जा" असंच असतं. डोंगर चढणं हा उत्तम व्यायाम आहे आणि पुणेकरांना तो घराजवळ, जवळजवळ फुकटात मिळतो. पण त्या "जरूर जा"ला काही अटी असतात आणि त्या दोन मिनिटांच्या तपासणीत नीट सांगून होत नाहीत. म्हणून हा लेख. तुम्ही चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा घरातलं असं कुणी ट्रेकला निघालं असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

उंचीची नव्हे, चढाची काळजी करा

"तिथे ऑक्सिजन कमी पडेल का?" असं अनेक जण विचारतात. सह्याद्रीत तसं होत नाही. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, तोरणा १४०० आणि महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो.

खरा ताण असतो तो चढाचा. आतकरवाडीच्या पायथ्यापासून सिंहगडाचा चढ साधारण ६०० मीटर आहे. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला, तर हे जवळजवळ दोनशे मजले झाले. एरवी दुसऱ्या मजल्यासाठीही लिफ्टचं बटण दाबणारा माणूस रविवारी सकाळी तास-दीड तासात दोनशे मजले चढायला निघतो, तेही पाठीवर सॅक घेऊन आणि तिशीतल्या सहकाऱ्यांच्या वेगाने. सपाटीवर रमतगमत चालण्याच्या दुपटीहून अधिक काम अशा चढावर हृदयाला करावं लागतं. सवय असलेल्या हृदयाला त्याचं काही वाटत नाही. सवय नसलेल्या आणि आतून रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या हृदयासाठी मात्र ती परीक्षा ठरते.

आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्य देशांपेक्षा पाच ते दहा वर्षं लवकर गाठतो. "मी तर अजून पंचेचाळीसचाच आहे" या वाक्याचा म्हणूनच फारसा आधार घेऊ नका.

जाण्याआधी डॉक्टरांना कोणी भेटावं?

तुम्ही आठवड्यातून तीन-चार दिवस तळजाई, वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी चढत असाल आणि काही त्रास होत नसेल, तर वेगळ्या तपासणीची सहसा गरज नाही. बरेच दिवस व्यायाम नसेल आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, सिगारेट-तंबाखू-मिश्री यांपैकी काहीही असेल, तर आधी भेटा. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तरीही भेटा. आणि जिना चढताना छातीत काही होत असेल, चक्कर येत असेल, पूर्वी कधी चालताना शुद्ध हरपली असेल, तर वय पंचवीस असलं तरी तपासणी झाल्याशिवाय जाऊ नका.

आता ईसीजीबद्दल थोडं. "मागच्या महिन्यात ईसीजी काढला, नॉर्मल आला" हे मला अगदी अभिमानाने सांगितलं जातं. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी त्या क्षणी स्वस्थ असलेल्या हृदयाचं चित्र दाखवतो. चढावर काय होईल ते त्यातून कळेलच असं नाही. गरज वाटली तर डॉक्टर ट्रेडमिल टेस्ट किंवा टू-डी इको सांगतील, पण तीही शंभर टक्के हमी नसते. रिपोर्ट चांगला आला तरी चढावर शरीर जे सांगेल ते ऐकावंच लागतं.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर पर्वती आहे. तिच्या १०३ पायऱ्या न थांबता, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलत चढता येतात का ते पाहा. मध्येच वाक्य तुटत असेल तर सिंहगड अजून लांब आहे. आधी चार ते सहा आठवडे, आठवड्यातून तीन-चार दिवस टेकडी चढा आणि दर आठवड्याला थोडं अंतर वाढवा. मग सिंहगड करा. राजगड, तोरणा आणि कात्रज ते सिंहगड ही रात्रीची टेकड्यांची रांग त्याच्याही नंतर. पहिलाच ट्रेक म्हणून रात्रीचा 'के टू एस' ठरवणाऱ्या ग्रुपच्या उत्साहाचं मला कौतुक आहे, निर्णयाचं नाही.

"पित्त झालं असेल, पोहे बाधले"

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे.

चढावर दम लागणं स्वाभाविक आहे. थांबलात, पाणी प्यायलात की तीन-चार मिनिटांत श्वास जागेवर येतो, पुन्हा बोलता येतं, चेहरा नेहमीसारखा होतो. हा साधा दम. पुढचा चढ जरा सावकाश घ्या, इतकंच.

हृदयाचं दुखणं मात्र क्वचितच "दुखतंय" म्हणून सांगितलं जातं. रुग्ण सांगतात, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं, आवळल्यासारखं होतं, जळजळतं, गळ्याशी काही अडकल्यासारखं वाटतं. कधी दुखणं जबड्यात, पाठीत, खांद्यात किंवा हातात असतं, आणि हात डावाच असायला हवा असंही नाही. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत काहीच न होता नुसता न थांबणारा दम, थंड घाम, मळमळ किंवा एकदम गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच लक्षण असू शकतं. सकाळी पायथ्याला पोहे-चहा झालेला असतो, त्यामुळे सगळ्यांनाच पित्ताची शंका आधी येते. कुणीतरी सॅकमधून अँटासिड काढतं, रुग्णाला बरंही वाटतं (कारण तो बसलेला असतो) आणि ग्रुप पुढे निघतो.

इथे एक साधा नियम लक्षात ठेवा. चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीतली कुठलीही संवेदना ही हृदयाची आहे असंच धरून चालायचं. थांबल्यावर बरं वाटलं, म्हणजे धोका टळला असं होत नाही. उलट श्रमाने येतं आणि विश्रांतीने जातं, हीच अंजायनाची ओळख आहे. अशा वेळी पूर्ण विश्रांती घ्या, वर जाणं रद्द करा, कुणाला तरी सोबत घेऊन अगदी सावकाश खाली या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोमवारी ऑफिसला जाऊन, मंगळवारी वेळ मिळाला तर, असं करू नका.

बसल्यावर पाच मिनिटांतही त्रास गेला नाही, किंवा सोबत घाम, उलटी, अंधारी असेल, तर तो हार्ट ॲटॅक समजा. रुग्णाला अर्धवट बसवून टेकू द्या आणि एक पाऊलही चालवू नका. १०८ किंवा ११२ ला फोन लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. घामाने पाणी कमी झालेल्या माणसाचा रक्तदाब तिने धोकादायक रीतीने उतरू शकतो, आणि आदल्या दिवशी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर फारच.

उचलून कुठे न्यायचं, हे ठिकाणावर अवलंबून आहे. सिंहगडावर गाडीरस्ता थेट वरच्या वाहनतळापर्यंत जातो. निम्म्याच्या बराच वर असाल तर खाली आणण्यापेक्षा वर नेणं जवळ पडू शकतं, हे घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. वर चालवत न्यायचं नाही, उचलून न्यायचं. दरड कोसळल्यामुळे पावसाळ्यात हा रस्ता कधी कधी बंद असतो, ते निघतानाच विचारून घ्या. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड इथे वर गाडी जात नाही. राजगडावर बालेकिल्ल्याजवळ कुणाला त्रास झाला तर गावातली माणसं, झोळी किंवा स्ट्रेचर, आडवाटेचा उतार आणि मग पुण्यापर्यंतचा रस्ता, असा तो काही तासांचा मामला होतो. हार्ट ॲटॅकमध्ये पहिला तास सर्वात मोलाचा असतो. म्हणूनच हृदयाची ज्यांना शंका आहे त्यांनी पहिले काही ट्रेक गाडीरस्ता असलेल्या ठिकाणीच करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलची रेंज कुठे जाते तेही माहीत असलेलं बरं. अनेक घळींत ती नसते.

माणूस कोसळला, हाकेला उत्तर देत नाही आणि श्वास घेत नाही, किंवा मध्येच आचके दिल्यासारखा श्वास घेतो, तर कांदा हुंगवण्यात आणि तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नका. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाबा. छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. हे शिकायला अर्धा दिवस पुरतो आणि प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये निदान दोघांना ते यायलाच हवं.

ऊन, पाणी आणि मीठ

मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीतला कातळ तापतो. झाडी कमी, वारा पडलेला आणि परतीचा उतार नेमका दुपारी. चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो. पावसाळ्यातही दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, आणि तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायलं जात नाही.

अर्ध्या दिवसाच्या ट्रेकला माणशी दोन ते तीन लिटर पाणी सोबत हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. निघण्याआधी लघवीचा रंग फिकट असावा. वाटेत थोडं थोडं पीत राहा. नुसतं पाणीच लिटर-लिटर ढोसणंही बरं नाही. घामातून मीठ गेलेलं असताना असं केलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होतो. एका बाटलीत ओआरएस ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या ग्लासात नाही. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड, रंगीत 'एनर्जी' पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. गडावरचं मीठ घातलेलं ताक आणि लिंबू सरबत त्यांच्यापेक्षा बरं, फक्त पाणी कुठलं आहे ते पाहा. टाक्यातलं पाणी न उकळता पिऊ नका.

उष्माघात ओळखण्यात एक गैरसमज आड येतो. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, असं आपण शाळेत शिकलो. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. ओळखायचं ते वागण्यावरून. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, साध्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देतो. तसं दिसताच सावलीत घ्या, बूट आणि जास्तीचे कपडे काढा, जवळचं सगळं पाणी डोक्यावर-अंगावर ओता आणि टोपीने, चटईने, मिळेल त्याने जोरात वारा घाला. आधी अंग थंड करा, मग हलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका. पॅरासिटामॉलचा या तापावर उपयोग नाही.

गोळ्या चालू असतील तर

बीपीची गोळी ट्रेकच्या दिवशी स्वतःहून बंद करू नका. पण पाकिटावरचं नाव वाचा. शेवटी 'एच' किंवा 'सीटी' असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. उन्हात ते शरीरातलं पाणी आणखी कमी करतं. त्या दिवशी वेळ किंवा मात्रा बदलायची का, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही. त्यामुळे हातावरच्या घड्याळात 'हार्ट रेट नॉर्मल' दिसतो म्हणून जोर लावू नका. बोलता येतं का, हाच निकष ठेवा.

मधुमेहींना चढापेक्षा उतार आणि त्यानंतरची रात्र जास्त सांभाळावी लागते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर श्रमाने एकदम उतरू शकते. हा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकतो, म्हणजे घरी येऊन गाढ झोपल्यावरही शुगर उतरू शकते. त्या दिवशीची मात्रा आधी ठरवून घ्या, इन्सुलिन मांडीत टोचू नका (चालताना ते लवकर शोषलं जातं), ग्लुकोमीटर सोबत ठेवा आणि उपाशीपोटी चढू नका. हात थरथरणं, घाम, अचानक भूक, चिडचिड होताच बसा आणि तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साखर घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या आणि नंतर भाकरी, केळं असं काही खा. चिक्की किंवा चॉकलेटने शुगर पटकन वाढत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर पाणी कमी पडण्याचा धोका वाढतो, डॉक्टरांना तीही सांगा. तळपाय बधिर असलेल्यांनी नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

दमेकऱ्यांनी इनहेलर स्वतःच्या खिशात ठेवावा. मागे राहिलेल्या मित्राच्या सॅकमधला इनहेलर कामाचा नाही.

उतार, गुडघे आणि वेदनाशामक गोळी

चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकसारखं काम करतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" होतं. ते तीन-चार दिवसांत आपोआप जातं. लहान पावलं, काठी आणि वळणावळणाने उतरणं यांनी गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. काठी ही म्हाताऱ्यांची वस्तू नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तिच्यामुळे घोटाही वाचतो.

पण उतरण्याआधीच "गुडघे दुखू नयेत म्हणून" डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची पद्धत पडली आहे, ती सोडा. शरीरात पाणी कमी, त्यात ही गोळी आणि वर बीपीचं औषध, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला थेट इजा होऊ शकते. अति श्रमाने स्नायूंच्या पेशी फुटल्या तर त्यातला घटकही मूत्रपिंडातच अडकतो. ट्रेकनंतर लघवी कोलासारखी गडद झाली, खूपच कमी झाली, किंवा मांड्या सुजून असह्य दुखू लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. दुखण्यावर काही घ्यायचंच असेल तर पाणी पिऊन पॅरासिटामॉल घ्या.

मधमाश्या आणि साप

गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, आरडाओरडा आणि उग्र सेंट यांनी माश्या उठतात. उठल्याच तर तोंड झाकून दूर पळा, एका जागी हात झटकत उभे राहू नका. अडकलेले काटे नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजणं, अंगभर गांधी, आवाज बसणं, दम लागणं ही तीव्र ॲलर्जीची चिन्हं आहेत. त्यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, म्हणून जवळचं आरोग्य केंद्र गाठा. एकाच वेळी खूप डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवा.

साप चावला तर घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, रुग्णाला उचलून आणा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालणारं एकच प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळतं. साप मारून आणायची गरज नाही.

पुढचा बेत हिमालयाचा असेल तर

सिंहगड जमला की फुलांच्या दरीचे बेत सुरू होतात. तिथे मुक्कामाचं घांघरियाच तीन हजार मीटरवर आहे आणि हेमकुंड चार हजारांच्या वर. म्हणजे इथे लागू नसलेला विरळ हवेचा प्रश्न तिथे खरा होतो. सहलीला स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनाही तो लागू आहे. इंटरलाकेन जवळपास पुण्याएवढ्याच उंचीवर आहे आणि तिथून रेल्वेने काही तासांत तुम्ही ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला पोहोचता. न चढताच चढलेली ही उंची हृदयरुग्णांना आणि दमेकऱ्यांना जाणवते. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं सुरू झालं तर औषध घेऊन वर राहू नका, खाली उतरा. डायमॉक्स घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

घरी आल्यावर

त्या रात्री दारू टाळा, मधुमेहींनी झोपण्याआधी एकदा शुगर तपासा. अंगावर, काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड किंवा बारीक काळी खपली दिसते का ते अंघोळीच्या वेळी पाहा. ट्रेकनंतर साधारण तीन आठवड्यांच्या आत ताप आला, अंग मोडून आलं, तर डॉक्टरांना "मी अमुक तारखेला गवतातून चाललो, ओढ्याचं पाणी अंगावर घेतलं" हे आवर्जून सांगा. डेंग्यू-मलेरियाच्या हंगामात स्क्रब टायफस किंवा लेप्टोस्पायरोसिस मागे पडतात. दोन्ही वेळेत ओळखले तर साध्या, स्वस्त अँटिबायोटिकने बरे होतात, आणि ओळखण्याचा धागा बहुतेक वेळा तुमच्या त्या एका वाक्यातच असतो.